सायोचा नवस

समोरच्या सुमतीकाकू माझ्या लॅपटॉपची दृष्ट काढतात. मीठ-मोहरी मुठीत घेऊन स्क्रीनवरून ओवाळतात, गॅसवर टाकतात आणि मग आम्ही दोघी खोकत बसतो. आधी मला वाटलं, लॅपटॉप नवा आहे म्हणून असेल. पण दृष्ट लॅपटॉपची नव्हतीच, सायोची होती.

सायो म्हणजे एका जपानी ॲनिमे मालिकेतली नायिका. कार्टूनच, पण मोठ्या माणसांचं. आईबाप नसलेली ही पोरगी रात्री पुलाखाली नाहीतर बंद गोदामात जाते आणि आपल्या दुप्पट आकाराच्या माणसांना बडवून काढते. मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. दिवसभर साहेबांचं ऐकून आलं की असलं काहीतरी बघायला बरं वाटतं. एकदा काकू कुळथाच्या पिठीची वाटी घेऊन आल्या नि दारातच थबकल्या. सायोला तिघांनी घेरलं होतं.

"कोणाची गो ही पोर?"

"कोणाची नाही काकू, कार्टून आहे."

"कार्टून असली म्हणून काय झालं? तिघं मारतायत ना तिला."

बसल्या त्या बसल्याच. पिठी तिथेच गार झाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हजेरी. मालिका जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं, ती वाचून मराठीत सांगायचं काम माझं. त्यातल्या शिव्या मी गाळते आणि काकू आपल्या पदरच्या घालतात, त्यामुळे गोष्टीचं काही बिघडत नाही. "मेल्याचा मुडदा बशिवला" हे त्या इतक्या मनापासून म्हणतात की खालच्या मजल्यावरचे जोशी एकदा विचारायला आले, कोणाचं भांडण चाललंय.

काकूंनी कित्येक वर्षं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. त्यामुळे सायोने कोणाचा जबडा फोडला यापेक्षा ती जेवली काय, ही चिंता मोठी. सायो सदानकदा कागदी पेल्यातल्या शेवया खाते. "उपाशीपोटी कोण गो मारामारी करतं? निदान पेज तरी घे म्हणावं." तिच्या बोटांची सालटी निघाली तेव्हा म्हणाल्या, "कोकमाचं तेल लावायला सांग तिला."

"मी कसं सांगू?"

"मग तुझं ते इंटरनेट काय कामाचं?"

काकूंचं दुसरं एक वाक्य आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे: "त्या गावात मी परत पाय ठेवणार नाय." ते गाव संगमेश्वराकडचं, काकूंचं सासर. नवरा मुंबईला कंपनीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचा, तेवढाच संसार. मूल झालं नाही. जावेच्या बाळाच्या बारशाला काकूंनी हौसेने हात पुढे केले, तर जावेने चारचौघींत बाळ मागे ओढून घेतलं. म्हणाली, वांझेचा हात नको. नवरा वारल्यावर काकू एक पिशवी घेऊन रत्नागिरीला आल्या, त्या आल्याच. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.

मग आला पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग. सायो आडवी पडलेली, तोंडातून रक्त, समोर तो रेड्यासारखा माणूस. काकू खुर्चीवरून उठल्या, हात जोडले आणि माझ्या हॉलमध्ये खणखणीत गाऱ्हाणं सुरू झालं. "हे आई वाघजाई, पोर एकटी पडलीय, तिच्या पाठी कोण नाय. तिच्या हाताला बळ दे. उठली नि जिंकली, तर तुझ्या दारात येऊन पाच नारळांचं तोरण बांधीन." मग माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मागून हो म्हणणारं कोणी नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही. मी घाईघाईने म्हटलं, "व्हय म्हाराजा."

सायो उठली. जिंकली. मी सोफ्यावर नाचतेय आणि काकू मटकन खाली बसलेल्या, चेहरा उतरलेला.

"अहो, जिंकली ना?"

"वाघजाई त्या गावात हाय गो."

मी पळवाटा काढून बघितल्या. म्हटलं, मालिका केव्हाच बनून तयार होती, निकाल आधीच ठरलेला. "म्हणजे देवीनं आधीच ऐकलंन." नारळ एसटीने पाठवू? "तोरण काय पार्सलनं जातं?" मग इथल्याच एखाद्या देवीला बांधू. "बोलले एकीला नि देऊ दुसरीला?" शेवटी म्हटलं, राहू दे नवस, कोण बघतंय.

त्यावर काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "पुढचा भाग येणार म्हणालीस ना? नवस राहिला तर भोगावं तिला लागेल. मला नाय, तिला."

आठवडाभर काकू धड जेवल्या नाहीत. रविवारी सकाळी इस्त्रीची साडी नेसून, नारळांची पिशवी घेऊन दारात उभ्या. "स्कूटर काढ."

वाटेत आमचं ठरलं की नवस माझ्या नोकरीसाठी होता असं सांगायचं. हसं व्हायला नको. देवळात गुरव होते आणि अंगण झाडणाऱ्या दोन बायका. त्यातली एक थोरली, केस पिकलेली, काकूंना बघून केरसुणी घेऊन तशीच उभी राहिली. ती जाऊ, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. गुरवांनी तोरण बांधलं, पाण्याने हात धुतले आणि विचारलं, "कोणाच्या नावानं गाऱ्हाणं घालू?"

मी तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या. "सायो."

"कोण ही?"

काकूंनी जावेकडे पाहिलं नाही. देवीकडे बघूनच म्हणाल्या, "माझी लेक. लांब असते."

जावेने केरसुणी खाली ठेवली. गुरवांनी क्षणभर काकूंकडे बघितलं. गावातल्या प्रत्येक घरात किती पोरं, हे गुरवाला ठाऊक नसतं असं होत नाही. "आडनाव मांडवकरच ना?" त्यांनी विचारलं.

"मांडवकरच."

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. सायो मांडवकर जिथं असेल तिथं तिची पाठराखण कर, असं म्हणाले. मागून हो म्हणणाऱ्यांत जावेचाही आवाज होता.

परतताना मला गप्प राहवेना. "काकू, देवीसमोर खोटं बोललात हो."

मागे काकूंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाल्या, "कुठं खोटं बोलले? तिला लागलं की मला झोप नाय. तिच्यासाठी त्या गावात पाय ठेवला. आई याहून दुसरं काय करते गो?"

हातखंब्याच्या चढावर मला समोरचा रस्ता नीट दिसेना. मी स्कूटर कडेला घेतली आणि आम्ही दोघी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिलो.