समोरचं हललं तर?

आमच्या पुंडलिकनगरातले दौलतआप्पा कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले, की आधी दुकानदाराला हात हलवायला लावत. "तसा नाय. बारीक. थंडी वाजल्यागत." मग काउंटरवरची लांबुडकी लेन्स कॅमेऱ्याला लावून त्या हातावर रोखत, बटण दाबत, पडद्यात बघत आणि जाहीर करत, "ही बी लबाड हाय."

आप्पा मूळचे सोयगावचे. शेती भावाकडे सोपवून इथं कारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त. हलणारी वस्तू त्यांना सोसत नसे. आमच्याकडे चहाला आले की आधी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारत, मगच बसत.

पुतण्याचा जुना कॅमेरा मिळाल्यापासून त्यांना झूम लेन्स हवी होती. लांबचं जवळ आणणारी आणि फोटो हलू न देणारी. मला प्रत्येक कामाचे रकाने आखायची सवय. मी आखले: वजन, पल्ला, स्टॅबिलायझेशन आहे की नाही. आणि त्यांच्याबरोबर दुकानं हिंडू लागले.

"पक्ष्यांसाठीच ना?" मी विचारलं.

"व्हय. हर्सूलच्या तलावावरचे."

"आप्पा, तलावाला भेगा पडल्यात. पक्षी कुठून येणार?"

"म्हणून तर लांबची पाह्यजे, ताई. लई लांब गेलेत ते."

चौथ्या दुकानाचा मालक पोक्त होता. त्यानं निमूट हात हलवला, फोटोतला धुरकट हात पाहिला आणि म्हणाला, "चचा, ये आपके हाथ का हिलना रोकती. सामनेवाले का नै."

आप्पांनी आपले दोन्ही हात काउंटरवर ठेवले. दगडासारखे स्थिर. "माझ्या हाताला काय झालंय? तिचा थांबाया पाह्यजे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती म्हणजे शांताकाकू, त्यांची बायको. कंपवात जडल्यापासून काकूंनी स्वतःचा एकही फोटो काढू दिला नव्हता. पुतण्याच्या लग्नात कॅमेरा वळला तशा त्या भरल्या ताटावरून उठल्या होत्या. आप्पांना लांबून, त्यांच्या नकळत, त्यांचा एक धड फोटो हवा होता. पक्षीबिक्षी काही नव्हतं. मी माझा कागद पर्समध्ये घातला.

"सामनेवाले को रोकना है तो शटर तेज रखो," मालक म्हणाला. "उजाला भरपूर होना."

"उजेडाची काय कमी? पाऊसच नाय," आप्पा म्हणाले आणि लेन्स घेतली.

त्यांच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर त्या वर्षी नवी इमारत चढत होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावरून, भर उन्हात, टँकरची वाट बघत हंड्यांपाशी बसलेल्या काकू त्यांनी टिपल्या.

फोटो छापून आणला, तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. काकूंनी बराच वेळ पाहिला. फोटोतली साडी आत्ताही त्यांच्या अंगावर होती, पण त्यांची नजर फोटोतल्या हातापुढं गेलीच नाही. मांडीवर तो शांत पडून होता.

"कवाचा हो हा?"

आप्पांनी घसा साफ केला. "आपल्या लग्नानंतरचा."

"व्हय," काकू म्हणाल्या. "आधी बरा होता हात."

त्यांनी त्यावर बोट टेकवलं. बोटाबरोबर कागद थरथरायला लागला. आप्पांनी तो खालून दोन्ही हातांनी धरला आणि त्यांचं बघून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.