औषधात पाणी घालण्याचा ठराव

सरदारबींचं पत्र गेल्या पोळ्याला आलं. मी उत्तर दिलं नाही. म्हणजे पाच मसुदे केले. पण ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने गाईच्या कासेबद्दल ठाम मत द्यावं का, या शंकेपाशी प्रत्येक मसुदा थांबला.

पत्र लहान होतं. 'गुर्जी, चांदणीचं एक सड दगडी होऊन गेलं. दुधात गुठळ्या येत्यात. संस्थेच्या औषधात दोन्ही टायमाला सडं बुडवती. आता दुसरं सड गरम लागतंय. औषध चुकतंय का मी?'

सरदारबी नदीपलीकडे, दौंड तालुक्यात राहतात; त्या सभासद असलेली आमची दूध संस्था अलीकडे, शिरूर तालुक्यात. संस्थेचा पत्रव्यवहार मी बघतो, कारण ठराव शुद्ध भाषेत लिहिणारा दुसरा कोणी मिळाला नाही.

धार काढल्यावर गाईची सडं ज्या औषधात बुडवतात, त्याच्या डब्यावर 'पाणी घालू नये' असं छापलेलं असतं. पण सभासद जास्त, डबे कमी. तेव्हा समान वाटपाच्या तत्त्वावर संस्थेने निम्मं पाणी घालण्याचा ठराव केला. संकलन केंद्रावरचा म्हाळू महिना निभावा म्हणून आणखी थोडं घालतो. घरी नेल्यावर संध्याकाळपर्यंत पुरावं म्हणून सभासद घालतात. शेवटी सडं बुडवायच्या कपात औषधाचा रंग तेवढा उरतो. जंतू त्यात मरत नाहीत, सराव करतात.

आमच्याकडे दुधात पाणी सापडलं तर सभासदत्व जातं. औषधात घातलं तर ठराव होतो. तो ठराव मी लिहिला होता. 'समान' या शब्दाचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता.

भीत भीत मी सरदारबींचं पत्र बैठकीत ठेवलं. अध्यक्ष सर्जेराव आप्पांनी चांदणीच्या दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला: जंतू या औषधाला सरावले आहेत, आता पाणी न घालताही ते मरत नाहीत, औषध बदलावे.

"पानी न घालताबी मरत न्हाईत?" उपाध्यक्ष सोपानरावांनी विचारलं. "मंग घातलं तर बिघडलं कुठं?"

बैठकीला हा मुद्दा बिनतोड वाटला.

"जंतू कुठल्या तालुक्यातलं?" आप्पांनी विचारलं.

"दौंड," म्हाळू म्हणाला.

"म्हंजी आपल्या हद्दीत येत न्हाई. लिवा, गुर्जी."

"आप्पा, पण डब्यावर लिहिलंय की..."

"डब्यावरचं कंपनी लिवती. आपलं तुमी लिवा."

मी लिहिलं. औषध ठरावानुसार योग्य असून जंतूंचे वर्तन नियमबाह्य आहे. सभासदाने सडे बुडवण्यात कसूर केल्याचे दिसते. सबब खुलासा मागवावा.

पुढच्या महिन्यात जंतूंनी हद्द ओलांडली. आप्पांच्याच गोठ्यातल्या गाईचं सड गरम लागलं. आप्पांनी डॉक्टर बोलावला, शिरूरहून दुसरं औषध आणलं आणि थेंबभर पाणी न घालता वापरलं. गाय वाचली. ठराव कायम राहिला.

त्याच आठवड्यात सरदारबींचा खुलासा आला. 'चूक माझीच आसंल, गुर्जी. दुसरं सडबी गेलं. दोन राह्यलीत. म्या आजून काय करू?'

त्या दिवशी मी सहावा मसुदा केला आणि तो पुन्हा वाचला नाही.

'सरदारबी, चूक तुमची नाही. औषधात पाणी आम्ही घातलं. तो ठराव मी लिहिला. आप्पांनी स्वतःच्या गाईसाठी आणलेल्या औषधाचं नाव खाली देतो. डॉक्टरांना दाखवून तेच घ्या, पाणी घालू नका. दोन सडं वाचवा.'

पाकिटाला डिंक लावला. चिकटेना. पुन्हा लावला. तेव्हा आठवलं, बाटली संपत आली म्हणून मागच्याच महिन्यात मी तिच्यात पाणी घातलं होतं.

तुम्ही हसला असाल. जरूर हसा, पण आधी तुमच्या बेसिनवरची हात धुण्याची बाटली बघून या. तळाशी आल्यावर तिच्यात पाणी ओतून ती हलवणारे काही आमचे आप्पा नव्हते.

मी पाकिटाला सुईदोऱ्याने टाके घातले आणि तळेगाव ढमढेऱ्याला जाऊन ते टपालपेटीत टाकलं.