सामंतकाकांची शिकवणी

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात सामंतकाका भेटले की आधी परीक्षा द्यावी लागते. हातात भाजी असो, पाठीवर लॅपटॉप असो, काका कठडा धरून आडवे उभे. "सांग बघू, अणू मोठा कुणाचा? सोडियमचा की मॅग्नेशियमचा?"

पार्ल्याला राहायला आलो त्या आठवड्यातच मी नापास झालो. "मॅग्नेशियम," मी म्हणालो. नाव मोठं वाटलं म्हणून. काकांचा चेहरा पडला. "अरे, मूलद्रव्यांच्या तक्त्यात शेजारी शेजारी राहतात ना दोघं? उजवीकडे सरकलं की मधल्या केंद्राची ओढ वाढते. ओढ वाढली की सगळे अंग चोरून बसतात. अणू लहान होतो." आणि खरंच अंग चोरून त्यांनी मला वाट दिली.

"उजवीकडे आवळतं, खाली पसरतं," हा त्यांचा जप. वॉचमनला एकदा विचारलं, "पाण्यात टाकलं तर जास्त कोण भडकेल, सोडियम की पोटॅशियम?" तो म्हणाला, "काका, आधी पाणी तर येऊ दे." सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डिंगच्या रंगावरून हमरीतुमरी चालली होती, तर काका मध्येच उठले. क्लोरीन हिरवट, त्याखाली ब्रोमीन लालसर, त्याखाली आयोडीन जांभळट काळं, खाली खाली रंग कसा गडद होत जातो ते इतक्या तंद्रीत सांगत राहिले की भांडणारेही गप्प झाले. रंगाचं राहिलंच.

रिटायर्ड प्रोफेसर असणार, डोकं जरा हललंय, असं मी धरून चाललो होतो.

एका दुपारी मी घरूनच काम करत होतो. पार्ल्याची दुपार मोठी गुंगीची. आंब्यावरून विमानाची सावली सरकते आणि आवाज विरला की सगळी गल्ली पुन्हा डोळे मिटते. कुरिअर आलं असं वाटून दार उघडलं, तर समोर काका स्वतःच्याच दाराबाहेर उभे. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस, छातीशी पुस्तक. बेल वाजवत होते.

"किल्ली विसरलात का काका?"

"हळू रे! क्लास आहे माझा."

"तुम्ही शिकवता?"

"मी काय शिकवणार? विमा कंपनीत जन्म गेला. केमिस्ट्री हिची. कॉलेजात शिकवायची." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आता तिला माझी ओळख पटत नाही. नवरा म्हणून जवळ बसलो तर घाबरते रे, मावशींना हाका मारते. एकदा तिचं पुस्तक घेऊन सहज समोर उभा राहिलो, तर म्हणाली, बसा, उशीर का केलात? तेव्हापासून हे असं."

"आणि आम्हाला ते प्रश्न?"

"तयारी नको? लोक कुठे चुकतात ते तुमच्याकडून कळतं. मग तेच मी चुकतो. चुकलो की तिला शिकवावं लागतं ना."

काकूंना सांभाळणाऱ्या मावशींनी दार उघडलं. काका मला म्हणाले, "चल की. वर्गात मी एकटाच असतो."

काकू खिडकीशी बसल्या होत्या, पदर नीट पिन केलेला. "हे नवीन का? बसा."

"बाई," काका म्हणाले, "खाली गेलं की अणू लहान होतो ना?"

"चूक!" काकूंचा चेहरा उजळला. बोटाने त्या हवेत वर्तुळं काढू लागल्या, एकाबाहेर एक. "एकेक कवच वाढत जातं. शेवटचा इलेक्ट्रॉन लांब पडतो. केंद्र ओढतं हो त्याला, पण तेवढी पोचत नाही ओढ..." बोट हवेतच थांबलं. त्या बाहेर बघू लागल्या. "बिस्किटं भाजतायत."

पार्ल्याची बिस्किटांची फॅक्टरी बंद होऊन वर्षं झाली. काकांनी मोठा श्वास घेतला. "हो बाई. आज जरा जास्तच वास येतोय."

खोटं कशाला सांगू, मलाही आला.

बऱ्याच वेळाने काकू वळल्या. "या वयात शिकताय तुम्ही. घरी कोण असतं?"

"बायको असते."

"तिला येते केमिस्ट्री?"

"फार छान येते."

"मग माझ्याकडे कशाला येता?"

काका पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिले. "तिनेच पाठवलंय, बाई."

काकू हसल्या. "सांगा तिला, चुकता फार, पण मन लावून बसता."

"सांगतो," काका म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.