भिकूतात्यांच्या दारातली उंडी

बोर्ली पंचतनला आमच्या शेजारी राहणारे भिकूतात्या कुठलीही वस्तू आधी सूर्याकडे धरायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि मगच पदरात घ्यायचे. पापड, धोतर, विड्याचं पान, काहीही. नवे पैसे निघाले तेव्हा नाणंसुद्धा असंच धरलं. "आरपार दिसत न्हाय," म्हणाले आणि दुकानदाराला परत केलं. आता बोला!

हे खूळ रोपांपायी लागलेलं. सुरंगी आणि उंडी ही आमच्याकडची दोन झाडं. सुरंगीच्या फुलांचे गजरे होतात, उंडीच्या बियांचं तेल दिव्याला जातं. पण रोपं असताना दोघी जुळ्या बहिणी. तीच जाड, तकतकीत पानं. तात्या पान उजेडात धरायचे. कंगवा फिरवल्यासारख्या बारीक, सरळ शिरा दिसल्या की उंडी, शिरांचं जाळं दिसलं की सुरंगी. कुणी नुसतं बघून नाव सांगितलं की खेकसायचे, "उजेडात धर, मंग बोल!" पाहुणे आलेल्या माझ्या सासऱ्यांनाही सोडलं नाही हो त्यांनी.

याचं कारण सगळ्या आळीला ठाऊक होतं. तात्यांच्या नव्या नवरीला, म्हणजे आमच्या काकूंना, माहेरच्या सुरंगीची आठवण येऊन रडू यायचं. तात्यांनी ऐटीत रानातून रोप आणून दारात लावलं. काकूंनी ते लेकरागत वाढवलं. काही वर्षांनी बहर आला, तो उंडीचा! लोक पोट धरून हसले. काकू मात्र अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि तात्यांना तेच लागलं.

मग खऱ्या सुरंगीचा ध्यास. आणलेलं रोप कधी गुरं खायची, कधी वाळायचं. तात्यांची साठी उलटल्यावर एक डब्यात जगलं बिचारं. पण दारात जागा एकच. एका सकाळी बघतो तर तात्या कुऱ्हाड घेऊन फुललेल्या उंडीखाली उभे. मी धावलो.

"तात्या, भरलं झाड तोडताय?"

"झाड कसलं, माझी चूक हाय ती. रोज उठून बघतोय."

तेवढ्यात काकू आल्या आणि बुंध्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. "न्हाय तोडायची."

"अगं, तुला सुरंगी पायजे व्हती ना?"

"व्हती. तवा हे घर परकं वाटायचं. आता न्हाय वाटत. इतकी वर्सं हीच फुलं माळते मी. तुमी कधी बघितलंव का माझ्या डोक्याकडं?"

नव्हतंच बघितलं. बहर आला की तात्या शरमेनं मान खाली घालूनच वावरायचे.

त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली, एक पांढरं फूल तोडलं आणि माझ्यादेखत काकूंच्या अंबाड्यात खोचलं. त्या काळात, भर अंगणात! मलाच कुठं बघावं कळेना.

"अवो, लोक बघत्यात," काकू पुटपुटल्या. पण मान काही हलवली नाही त्यांनी.