चार नंबरच्या प्रेसची हवा

“उद्या सकाळी चारही प्रेस एकदम तापणार, शौकतभाई. तुम्ही निवांत चहा प्या,” असं दौलतने मालकाला छातीठोकपणे सांगून टाकलं, तेव्हा त्याला वाफेच्या पाइपबद्दल एवढंच माहीत होतं, की हात लावला तर भाजतं. दौलत मूळचा इलेक्ट्रिशियन. पण दुबईत रास अल खोरच्या त्या लाँड्रीत पान्हा धरता येणारा तो एकटाच, त्यामुळे जे बिघडेल ते त्याच्या गळ्यात.

साल अठ्ठ्याण्णव. बॉयलरमधून निघालेला लांबलचक पाइप ओळीने चार इस्त्रीच्या प्रेसना वाफ द्यायचा. पहिल्या तीन तापायच्या, चौथी मात्र सव्वाआठला बॉयलर पेटवला तरी नऊ वाजेपर्यंत गारठलेली. ती चालवणारे महादूकाका पंधरा दिवसांपूर्वी सुट्टीवर माणगावला गेले, तेव्हापासून तिने हे सुरू केलं होतं.

“माणसाची आठवण येते की काय तिला?” शौकतभाई म्हणाले. ते रत्नागिरीचे. वैतागले तरी आवाज चढवायचे नाहीत, आणि त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटायची. “गुरुवारी लग्नाचे चाळीस कंदुरे, अरबांचे ते पांढरे झगे, द्यायचेत. नवऱ्यामुलाचे मामा स्वतः न्यायला येणार. चार वाजता, इन्शाल्ला.”

पाइपात हवा अडकली की वाफ पुढे सरकत नाही, हे दौलतला शेजारच्या वर्कशॉपमध्ये कळलं. हवा बाहेर सोडणारा व्हेंट बसवायचा. वाफ येऊन पोचली की तो आपोआप बंद होतो. दौलत देऱ्याच्या बाजारात गेला. दुकानदाराने तीन आकारांचे व्हेंट पुढे ठेवले.

“पाइप कितना लंबा है?”

“बहुत,” दौलत म्हणाला आणि सगळ्यात मोठा उचलून आला.

बुधवारी सकाळी त्याने तो बॉयलरच्या शेजारीच बसवला. वाफ जिथून निघते तिथेच हवेला दार दिलं की काम झालं, असा त्याचा हिशोब. बॉयलर पेटला, वाफ आली, मिनिटभरात व्हेंट ‘टक्‌’ करून बंद झाला. पुढची सगळी हवा होती तिथेच राहिली. चौथ्या प्रेसवर एकाने आपली ताकाची बाटली ठेवली होती, ती थंडच.

“खलास?” शौकतभाईंनी विचारलं.

“ट्रायल होती,” दौलत म्हणाला.

गुरुवारी त्याने व्हेंट पाइपच्या शेवटच्या टोकाला नेला. जागा बरोबर होती. पण वर डिटर्जंटच्या डब्यांची फळी होती. ती काढायचा कंटाळा, म्हणून त्याने व्हेंट आडवाच बसवला. वीस मिनिटांत प्रेस तापली. दौलतने मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात आडव्या व्हेंटात साचलेलं पाणी थुंकल्यासारखं बाहेर उडालं, गंजाच्या रंगाचं. समोरच्या दांडीवर इस्त्री झालेले एकतीस पांढरेशुभ्र कंदुरे होते. ते अंगावर गोवर उठल्यासारखे दिसायला लागले.

 शौकतभाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते.

कंदुरे पुन्हा धुवायला गेले. बॉयलर थंड होईपर्यंत दौलतने ऑफिसातून माणगावला फोन लावला. काकांच्या शेजारच्या दुकानात फोन होता. दहा मिनिटांनी काका आले.

“काका, चार नंबरला हवा धरलीय.”

“मग ओवा खा. गरम पाण्यातून.”

“मला नाही, प्रेसला!”

“असं होय. अरे, टोकाला नट आहे ना, तो मी रोज सकाळी सैल करायचो. हवा फुसफुसून गेली, वाफ आली, की घट्ट करायचो.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“विचारलं कोणी?”

व्हेंटची कथा ऐकून काका हसले. “उभा कर त्याला. आडव्या माणसाला पाणी पाजलं तर ठसका लागणारच की.”

दौलतने फळी उखडली, छोटा पाइप जोडून व्हेंट सरळ उभा केला. बॉयलर पुन्हा पेटला. व्हेंटने लांब सुस्कारा सोडला, मग गप्प झाला, आणि बारा मिनिटांत चारही प्रेस तापल्या. पाण्याचा एक थेंब उडाला नाही. सगळेजण मान वर न करता इस्त्री करत होते. नवऱ्यामुलाचे मामा चारला आले आणि चाळीसावा कंदुरा घडी होईपर्यंत काहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसले. जाताना खूश होऊन “झैन, झैन” म्हणाले.

शौकतभाईंनी सगळ्यांदेखत दौलतची पाठ थोपटली. दौलतला वाटलं, आता पगारवाढ, निदान एक दिवस सुट्टी तरी नक्की.

“आधी प्रेस तापायला अर्धा-पाऊण तास जायचा,” शौकतभाई शांतपणे म्हणाले. “आता वाचला. म्हणून मी आणखी एका हॉटेलचे टॉवेल घेतलेत. रोज चारशे. शनिवारपासून. यल्ला, लागा कामाला.”

सगळे अकरा जण वळून दौलतकडे बघू लागले. त्या आठवड्यात रूमवर त्याच्या ताटात कोणी रस्सा वाढला नाही.