कांताकाकूंची हिरवी जोडी

वायरीची दोन्ही टोकं स्वतःच्या हाताने धरून पाहिल्याशिवाय कांताकाकू तिला वायर मानत नाहीत. ऑफिसात आल्या की आधी टेबलाखाली वाकतात, दिसेल ती वायर चिमटीत धरतात आणि खोलीभर तिच्यामागे जातात. मधे खुर्ची आली, खुर्चीत माणूस असला, तरी त्यांना फरक पडत नाही. ‘ऊठ, भाऊ. हिचं दुसरं टोक कुठंय ते दाव,’ म्हणतात. चाकणच्या या छोट्या कारखान्यात मी डिस्पॅच बघतो आणि माझ्या खुर्चीखालून चार वायरी जातात. दिवसातून किती वेळा उठत असेन, ते तुम्हीच समजून घ्या.

काकू आमच्या स्टोअरकीपर. जवळच्याच गावच्या, घरी एक म्हैस. कुठला पार्ट कुठल्या रॅकवर आहे ते त्यांना तोंडपाठ. पण आम्ही ज्यांना माल देतो त्या मोठ्या कंपनीने फर्मान काढलं, की स्टोअरचा स्टॉक कॉम्प्युटरवर दिसलाच पाहिजे. स्टोअर नव्या शेडमध्ये, ऑफिसपासून साठेक मीटर लांब. शेठ म्हणाले, ‘त्यांच्या ऑडिटच्या आत तिकडे नेटवर्कची लाइन चालू झाली तर ठीक. नाहीतर स्टोअर ऑफिसातूनच चालवू आणि काकूंना पॅकिंगला घेऊ.’

जिने एकेक रॅक स्वतः उभी राहून लावून घेतला, तिला खोकी चिकटवायला बसवणार! मला संताप आला. अर्थात मी तो शेठसमोर गिळला. काकूंनी गिळला नाही. ‘टेपपट्टी लावाया मी इथं आलेय व्हय?’ असं त्यांनी भर ऑफिसात विचारलं.

मग नेटवर्कवाला आला. कोणती वायर कुठे जाते ते त्यालाही सांगता येईना, कारण त्याने कशावर एक चिठ्ठी चिकटवली असेल तर शपथ. काकूंनी चार प्रश्न विचारले तेव्हा म्हणाला, ‘मावशी, राहू द्या, तुम्हाला नाही समजायचं.’ काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्याच रविवारी त्यांनी चिंचवडला स्टेशनजवळच्या क्लासात नाव घातलं. धंद्यापुरतं नेटवर्किंग आणि हार्डवेअर, तीन महिने, दर रविवारी.

तेव्हापासून आमचा प्रत्येक सोमवार भांडणाने उजाडू लागला. भांडण कॉम्प्युटरच्या शास्त्राशी, आणि शास्त्राच्या वतीने समोर मी.

‘माणसानं घर बदललं तर पत्ता बदलतोय. ह्यो कॉम्प्युटरचा डबा जागचा हालत न्हाई आन् नेटवर्कात ह्याचा पत्ता रोज नवा! मग त्याला पत्ता कशाला म्हणायचं?’

‘बिघडलं की म्हणं बंद करून चालू करा. माझी म्हस दूध देईना झाली, तर तिला बंद करून चालू करू का?’

पण खरी आग होती ती रंगांची. नेटवर्कच्या वायरीत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. टोकाला प्लग बसवताना त्या ठरलेल्या क्रमाने लावायच्या. बाकी जोड्या शेजारीशेजारी बसतात. हिरवीची मात्र एक तार प्लगच्या तिसऱ्या घरात, एक सहाव्या घरात, आणि मधे निळी जोडी ऐसपैस.

‘का?’ काकूंचा आवाज चढला. ‘हिरव्यानं काय घोडं मारलंय? ज्यानं ही जोडी फोडली त्याला माझ्यासमोर उभा कर!’

मी म्हणालो, नियम आहे. त्या म्हणाल्या, नियम करणारा मेला माणूस कोण?

नेटवर्कवाल्याला न बोलावता काकूंनी लाइन स्वतः टाकली. शिडीवर मी चढलो, खालून हुकूम त्यांचे. दोन्ही टोकांना प्लगही त्यांनीच बसवले. तपासायच्या यंत्रावर आठच्या आठ दिवे लागले. काकूंनी मला ते दिवे दोनदा मोजायला लावले. आणि स्टोअरच्या कॉम्प्युटरवर लाइन दहा सेकंद चालून मेली. पुन्हा चालू, पुन्हा मेली. दोन दिवस हेच. मंगळवारी ऑडिट!

शनिवारी मी प्लग डोळ्याशी धरला आणि कपाळाला हात लावला. हिरव्या दोन्ही तारा शेजारीशेजारी बसवलेल्या.

‘काकू, ही चूक आहे.’

‘चूक न्हाई, इन्साफ हाय.’

‘नोकरी जाईल ना इन्साफापायी!’ मी ओरडलोच. काकूंनी मोबाइलवर प्लगचा फोटो काढला. जाताना म्हणाल्या, ‘उद्या क्लासला चल. सर सांगंल तर मानीन.’

रविवारी चिंचवडला क्लासच्या जिन्याखाली बाकावर एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ डबा मांडीवर घेऊन बसले होते. काकूंनी पदर सारखा केला आणि मला एवढंच सांगितलं, ‘हे हायेत.’

सरांनी प्लगचा फोटो पाहिला. ‘काकू, तिसऱ्या आणि सहाव्या घराचं काम एका जोडीनेच करायचं असतं. या दोघी साठ मीटर एकमेकींना पीळ घालून येतात, टोकाला तेवढ्या लांब बसतात. तुम्ही शेजारी बसवल्या, सहावं घर निळीकडे गेलं, तिथेच त्यांची जोडी मोडली.’

काकू भांडल्या नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

क्लास सुटल्यावर काकू, ते गृहस्थ आणि मी अशा तिघांनी बाकावर भाकरी खाल्ली. ते पाणी आणायला गेले तेव्हा काकू हळूच बोलल्या. मुलगा-सून दोघंही शिफ्टला, म्हणून नातवाला सांभाळायला हे रावेतला मुलाकडे राहतात. नोकरी आणि म्हैस इकडे, म्हणून त्या गावी. दीड वर्ष झालं.

‘मग रविवारी रावेतलाच जात जा की,’ मी म्हणालो.

‘तिथं नातू मांडीवर, सून समोर, टीवी चालू. ह्यांच्याशी दोन शबूद बोलाया कुठं मिळतंय? आन् म्हातारपणी नवऱ्याला भेटाया चालले म्हणून गावाला सांगू व्हय? क्लासला चालले म्हटलं की कुणी इचारत न्हाई.’

रोज मला खुर्चीतून उठवणाऱ्या या बाईचा मी किती राग राग केला होता!

सोमवारी काकूंनी दोन्ही प्लग कापले आणि नियमाच्या क्रमाने तारा लावल्या. हिरवी लावताना ओठ घट्ट मिटलेले होते. लाइन चालू झाली ती बंद पडलीच नाही. मंगळवारी ऑडिटवाल्यांनी शंभर पार्ट विचारले आणि काकूंनी शंभरही पडद्यावर दाखवले. पॅकिंगचा विषय तिथेच संपला.

शेठ खूश होऊन म्हणाले, ‘काकू, झालं तुमचं शिक्षण! आता क्लास सोडा, रविवारी घरी आराम करा.’

काकूंचा चेहरा एकदम उतरला. मग त्या भडकल्या. ‘झालं कसं? मला आजून कायबी येत न्हाई!’

शेठ गोंधळले. मी घाईने म्हणालो, की त्याच क्लासात पुढचा सहा महिन्यांचा कोर्स असतो, सर्व्हरचा, आणि कंपनीला असा माणूस लागणारच आहे. शेठनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा मी शेठकडून काही कबूल करून घेतलं.

काकू माझ्यामागोमाग दारापर्यंत आल्या.

‘भाऊ, त्यात काय शिकिवत्यात?’

‘अवघड असतं, काकू. सगळं इंग्रजीत.’

‘असू दे,’ काकू म्हणाल्या. ‘रविवारीच असतंय न्हवं?’