तीन डाव मंजूर

सोनवणे तात्या पेपर मागायला आले तरी आधी उंबऱ्याबाहेर क्षणभर गप्प उभे राहत. मग म्हणत, "सर, पेपर हाय का? आजचा हाय का? वाचून झालेला हाय का?" एवढं झाल्यावर नाही म्हणायची माझी कधी हिंमत झाली नाही. माझा पेपर वाचायचा राहून जाई.

तात्यांची नोकरी बारामतीच्या एसटी स्टँडवर, लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्तीनंतर ते वडगाव निंबाळकरजवळच्या आमच्या वस्तीवर राहायला आले, ते वक्तृत्वाचं शास्त्र सोबत घेऊनच. मी हायस्कुलात अलंकार शिकवायचो. परीक्षेबाहेर त्यांचा कोणाला उपयोग झाल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. तात्यांना एकाही अलंकाराचं नाव ठाऊक नव्हतं, पण ते सगळे त्यांच्या हाताखाली काम करून गेले होते.

"इंदापूर एकदा म्हनलं, तर मानूस मान वर करतंय. दुसऱ्यांदा म्हनलं, की शेजाऱ्याला इचारतंय. तिसऱ्यांदा म्हनलं, की पिशवी उचलतंय! आन् सुरुवात 'न्हाय'नं करायची. ही गाडी सुप्याला जानार न्हाय, जळोचीला थांबनार न्हाय. मंग समदी कान टवकारत्यात, की ही जानार तरी कुठं!"

गावातले पुढारी त्यांच्याकडे शिकायला येत. सरपंच 'थांबणं' शिकून गेले आणि एका सत्कारात इतके थांबले, की लोकांनी त्यांना पाणी नेऊन दिलं.

त्या वर्षी दूध संस्थेने वस्तीवरचं दूध केंद्र बंद करायचं ठरवलं. म्हणजे बायकांनी पहाटे अंधारात, भरलेल्या किटल्या घेऊन कालव्याच्या कडेने गावात जायचं. निर्णय वार्षिक सभेत व्हायचा होता, म्हणजे झाल्यातच जमा होता. सचिव विषय वाचायचे आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या रांगेतून "मंजूर!" यायचं. यात सहकारावरची निष्ठा किती आणि मंडपामागे तळत असलेल्या जिलेबीचा वास किती, हे मला कधी ठरवता आलं नाही.

दोन म्हशींची मालकीण आणि संस्थेची सभासद असलेली शालन तात्यांकडे आली. "तात्या, मला भाषान न्हाय जमायचं."

"मंग करू नगं. त्यास्नी नुसतं इचार. तीन डाव. आन् त्यांच्या तोंडात जे बसलंय, त्येच त्यांच्याकडनं म्हनून घे."

मी म्हटलं, "तात्या, सभा म्हणजे एसटी स्टँड नव्हे."

"फरक हाय की सर. स्टँडावर मानसं जागी असत्यात."

सभेत चौथा विषय मंजूर झाला आणि शालन उठली. पाचवा विषय केंद्राचा होता. "भगिनींनाही संधी द्या," चेअरमन उदारपणे म्हणाले. शालनने माइक दोन्ही हातांनी धरला आणि गप्प उभी राहिली. सभासद नसलेले तात्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे डोळे मिटून उभे होते.

"बोल की गं बाई, जिलेबी गार व्हतीय!" कोणीतरी ओरडलं.

शालनने आवाज चढवला. "वस्तीचं दूध नासू नये, ताजं पोचावं. मंजूर?"

"मंजूर!" पुढची रांग सवयीने गरजली.

"आपल्या आयाबहिनींनी अंधारात कॅनॉलच्या कडंनं किटल्या वाहू नयेत. मंजूर?"

"मंजूर!"

ती थांबली. सरपंचांपेक्षा बरीच कमी, पण नेमकी.

"मंग वस्तीवरचं केंद्र हाय तितंच ऱ्हावं. मंजूर?"

"मंजूर!" मंडप हादरला. चेअरमनांचाही हात अर्धा वर गेला होता.

सचिवांनी सवयीनेच ठराव लिहून घेतला. पुढच्या रांगेत कुजबुज झाली, "आरं, आपन काय मंजूर केलं?" विचारणाऱ्याने मागे वळून पाहिलं. मागच्या सतरंजीवर वस्तीवरच्या साऱ्या बायका बसल्या होत्या, त्यांत त्याचीही होती. "बरोबरच हाय की!" तो मोठ्याने म्हणाला. चेअरमन मुरलेले. त्यांनी सगळ्यांआधी टाळी वाजवली आणि हेच आपल्याही मनात असल्याचं जाहीर केलं. बायकांनी शालनला उचलायचंच काय ते बाकी ठेवलं. मी भिंतीकडे पाहिलं, तर तात्या निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम केंद्रावर गेलो. कट्ट्यावर पोतं अंथरून तात्या बसले होते. मला नवल वाटलं, कारण त्यांच्याकडे म्हैस नव्हती आणि ते चहाही कोराच घेत. शालनने किटली खाली ठेवली आणि पदराने हात पुसत विचारलं, "तात्या, झोप लागली का?"

"लागली गं," ते म्हणाले. मग पुढची आली, तिनेही विचारलं. तिच्यामागून आलेल्या म्हातारीनेही.

"रोज येता?" मी विचारलं.

"ही गेल्याव हितं वस्तीवर आलो, तवापास्नं," ते म्हणाले. 'ही' म्हणजे त्यांची बायको. तिच्याबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. "घरात सकाळी कोन इचारतंय, सर?"

आणि सरकून त्यांनी पोत्यावर मला जागा करून दिली.